काठी-मोलगीकडे धंदा सुरू करायचाय? सरकारी मदत कुठल्या टेबलावर मिळते ते आधी समजून घ्या



सबसिडीच्या व्हिडिओनंतर बहुतेक जण एकच विचारतात, "सर, आमच्यासाठी कोणती योजना आहे?" आज मी प्रश्न थोडा फिरवणार आहे. योजना कोणती हे नंतर बघू. आधी ती मिळते कुठे, तिथपर्यंत जायला तुमचा किती खर्च होतो आणि रिकाम्या हाताने परत यायचं नसेल तर सोबत काय न्यायचं, हे बघू. पुणे-नाशिकच्या माणसाला हा भाग फालतू वाटेल. पण अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीसारख्या गावात धंदा उभा राहतो की नाही, हे पुष्कळदा इथेच ठरतं.

साधा हिशेब करा. समजा तुमची दिवसाची मजुरी ३०० रुपये आणि जीपभाडं-चहापाणी २०० रुपये. म्हणजे देवगोई घाट उतरून अक्कलकुव्याला एक फेरी मारली की ५०० गेले. साहेब मीटिंगला, सर्व्हर डाऊन, एक झेरॉक्स कमी, असं करत सहा फेऱ्या झाल्या की ३,००० रुपये संपले. एवढ्यात छोट्या पॅकिंगचा पहिला माल उभा राहतो. चौथ्या फेरीला माणूस कंटाळतो आणि "मी करून देतो" म्हणणाऱ्या एजंटच्या हातात फाईल देतो. बरं, त्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा? फेऱ्यांपेक्षा एजंट स्वस्त वाटतो. म्हणून आपल्याला फेऱ्याच कमी करायच्या आहेत.

कोण कुठे बसतं

तुमच्या गावातच काय आहे ते पहिलं बघा. ग्रामपंचायत, ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडीताई, पोस्टमन आणि उमेद अभियानाच्या समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे ज्यांना आपण सीआरपी ताई म्हणतो. ही माणसं पैसे मंजूर करत नाहीत, पण तालुक्याला कोणता अर्ज चालू आहे आणि कोणाचं काम झालं हे त्यांना ठाऊक असतं. पोस्टमनला तर आपण फारच कमी लेखतो. त्याच्याकडच्या मशीनवर आधार आणि अंगठा वापरून खात्यातले पैसे काढता येतात. बँकेची एक फेरी तिथेच वाचते.

त्यानंतर अक्कलकुवा. तहसील कार्यालय, पंचायत समिती, तालुका कृषी अधिकारी आणि उमेदचा तालुका कक्ष, सगळं तिथे. दाखले आणि बचत गटाची कामं इथली.

मग तळोदा. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय इथे आहे आणि अक्कलकुवा, तळोदा, धडगाव हे तिन्ही तालुके त्याच्याच अखत्यारीत येतात. माझ्या मते आपल्या भागात सर्वात कमी वापरलं जाणारं कार्यालय हेच आहे. लोकांना वाटतं तिथे फक्त आश्रमशाळा आणि वसतिगृहाची कामं होतात. पण न्यूक्लियस बजेट नावाची एक सोय आहे, त्यात प्रकल्प अधिकारी स्थानिक गरज बघून छोट्या योजना ठरवतात आणि वर्षातून अर्ज मागवतात. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, दुकानासाठी मदत अशा गोष्टी यातून होतात. दरवर्षी यादी बदलते, त्यामुळे "गेल्या वर्षी शेजाऱ्याला मिळालं" यावर जाऊ नका. या वर्षीची जाहिरात बघा.

शेवटी नंदुरबार. जिल्हा उद्योग केंद्र, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, खादी ग्रामोद्योगचं कार्यालय, मत्स्यव्यवसाय खातं आणि लीड बँक. मोठ्या कर्जाची आणि सबसिडीची कामं इथली. कोळदे इथलं कृषी विज्ञान केंद्रही लक्षात ठेवा. प्रक्रिया शिकायची असेल तर कर्जाआधी तिथे जा.

आता नियम एकच. काम खालून वर न्यायचं. नंदुरबारला थेट गेलात तर तिथून अक्कलकुव्याचा दाखला आणायला परत पाठवतील, आणि अक्कलकुव्याहून ग्रामपंचायतीचा कागद आणायला परत काठीला.

कागदांची फाईल

आधार, पॅन, रेशन कार्ड, जात प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुक, चार फोटो. धंदा गावात असेल तर ग्रामपंचायतीचा ग्रामीण भागाचा दाखला आणि जागा वापरायला हरकत नसल्याचा कागद. मशीन घेणार असाल तर दुकानदाराचं कोटेशन. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स गावाकडेच, बाजाराच्या दिवशी काढून ठेवा.

पण खरी गडबड कागद नसण्यात नाही, नावात असते. आपल्याकडे एकाच घरात आधारवर 'वसावे' आणि शाळेच्या दाखल्यावर 'वसावा' असतं, कारण अर्धं बालपण गुजरातच्या बाजूला गेलेलं. कोणाचं वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे अर्धं. बँकेच्या संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. आधार, पॅन आणि पासबुक या तिन्हींवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का, ते आज रात्रीच घरी बसून तपासा. फरक असेल तर धंद्याचा अर्ज बाजूला ठेवा आणि आधी ते दुरुस्त करा. (देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आणि नावाच्या दुरुस्तीसाठी हेलपाटेही आपल्याच जिल्ह्यात!)

दुसरी गोष्ट मोबाईल. ऑनलाईन अर्जाला ओटीपी लागतो आणि तो आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर जर सुरतेला कामाला गेलेल्या भावाच्या खिशात असेल, किंवा फोन घरी आणि तुम्ही सेतू केंद्रात, तर फेरी वाया. नंबर तुमचा, सिम चालू, फोन चार्ज. पाड्यावर रेंज नसते म्हणून अर्ज भरायला रेंज असलेल्या ठिकाणच्या केंद्रातच जा.

गावात सरकारी शिबिर लागलं तर मजुरी बुडाली तरी जा. धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. त्याच्या शिबिरांत आधार, जात प्रमाणपत्र, आयुष्मान कार्ड अशी कामं गावाजवळ होतात. तालुक्याच्या तीन फेऱ्यांचं काम एका दिवसात होतं.

आता पैसा: आमचूरचं उदाहरण

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात घराघरांत कैरी सोलून, चिरून, वाळवून आमचूर होतो. मेहनत सगळी घरच्या बायांची. माल मात्र पोत्यात भरून व्यापारी सांगेल त्या भावाला जातो. समजा तुम्हाला वाळवायचे ट्रे, दळायचं मशीन आणि पाकीट सील करायचं मशीन घ्यायचंय, एकूण ३ लाखांचा प्रकल्प.

पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ग्रामीण भागातल्या अनुसूचित जमातीच्या किंवा महिला अर्जदाराला स्वतःचे ५ टक्के भरावे लागतात आणि ३५ टक्के सबसिडी मिळते. म्हणजे तुमचे १५,००० रुपये, सबसिडी १ लाख ५ हजार. हे जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योगकडून होतं. पीएमएफएमई ही खास अन्नप्रक्रियेची योजना. त्यातही ३५ टक्के, पण स्वतःचे १० टक्के, म्हणजे ३०,००० रुपये. ही कृषी विभागाकडे असते. नंदुरबारचं 'एक जिल्हा एक उत्पादन' मिरची आहे, म्हणून आमचूरवाल्यांनी मागे फिरू नका. बाकीच्या अन्नप्रक्रियेलाही अर्ज करता येतो.

दोन्हींत स्वतःचे कमी कुठे भरायचे ते दिसतंच आहे. तरीही पहिल्यांदाच धंदा करणाऱ्याला मी पीएमएफएमईकडे आधी जायला सांगेन. कारण तिथे जिल्हा संसाधन व्यक्ती असते. तुमचा प्रकल्प अहवाल करणं, अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा करणं, नंतर परवाने काढून देणं हे तिचं काम. आणि तिचं मानधन सरकार देतं, मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे. तुमच्याकडून एक रुपया मागायचं तिला कारण नाही. तालुका कृषी कार्यालयात जाऊन सरळ विचारा, "साहेब, आमच्या भागाचे डीआरपी कोण? त्यांचा नंबर द्या."

एक सावधान. सबसिडी हातात रोख मिळत नाही. ती तुमच्या नावाने बँकेत तीन वर्षं बाजूला राहते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि तीन वर्षं धंदा नीट चालला, हप्ते भरले, तर ती कर्जात वळती होते. "एक लाख सरकार देतं, घेऊन टाकू" असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला थकबाकीदार करणार आहे. हप्ते दर महिन्याला येतात आणि आमचूर वर्षातून एकदा होतो, हेही ध्यानात घ्या. बाकीच्या महिन्यांत त्याच मशीनवर मिरची, हळद, भगर काय करणार ते आधी ठरवा. बँकेला सांगायला नव्हे, स्वतःसाठी.

अजून एक. आधी एखाद्या सरकारी योजनेची सबसिडी घेतलेल्या युनिटला पीएमईजीपी मिळत नाही. म्हणून किरकोळ अनुदानाच्या मोहात मोठा दरवाजा बंद करू नका. दारू आणि तंबाखूच्या धंद्याला यात जागा नाही, तेव्हा मोहफुलांचं काही करायचं असेल तर लाडू, चिक्की, सिरप असं करा.

"सातबारा आणा" म्हटलं तर

इथे आपल्या भागाची खास अडचण येते. अनेकांकडे वनहक्काचा पट्टा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात ही जमीन वारसाने मुलांकडे जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्यामुळे बँक ती साध्या शेतजमिनीसारखी गहाण धरू शकत नाही. हा नियम तुमच्या भल्यासाठीच आहे, नाहीतर एका कर्जात जमीन गेली असती. पण कर्ज मागताना त्रास होतो.

मग काय करायचं? तारण लागत नाही तेच कर्ज मागायचं. छोट्या उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुद्रा कर्ज त्यातच येतं: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. मॅनेजर तारण मागत असेल तर भांडू नका. शांतपणे म्हणा, "साहेब, अर्ज घ्या आणि नाकारायचा असेल तर कारण लिहून द्या." लेखी कारण असलं की लीड बँकेकडे जाता येतं. तोंडी नकार घेऊन कुठेच जाता येत नाही.

पट्टा निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. तो नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो, आणि गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला आहे. अक्कलकुवा तालुका पेसा क्षेत्रात येतो, त्यामुळे मोहफूल, चारोळीचा धंदा करायचा तर आधी ग्रामसभेत बसा. वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला आहे, हे खालच्या व्यापाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं.

ताईंसाठी: आधी गट

ताई, एकटीने २ लाखांचं कर्ज मागण्याआधी गटात या. उमेदमध्ये साधारण १० ते २० जणींचा गट असतो, पण डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागात ५ जणींचाही चालतो. "आमच्या पाड्यावर दहा बाया कुठून आणू" हे कारण उरत नाही. नियमित बैठक, बचत आणि हिशेब असला की ३०,००० रुपयांपर्यंत फिरता निधी मिळतो, पुढे बँकेचं कर्ज. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाला पीएमएफएमईतून प्रत्येक सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल आहे, तेही उमेदमार्फतच. आणि वर्षभर नीट लिहिलेलं गटाचं रजिस्टर बँकेपुढे ठेवलं तर ते सातबाऱ्याइतकंच बोलतं.

एकटीनेच करायचं असेल तर शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाची महिला सशक्तीकरण योजना बघा. २ लाखांपर्यंतचा धंदा, ४ टक्के व्याज. महामंडळाचं मुख्य कार्यालय नाशिकला आहे, पण त्यासाठी नाशिकला धावू नका. तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात आधी विचारा.

धंद्यात न दिसणारी मदत

भांडवल कशात जातं? तोट्यात कमी, दवाखान्यात जास्त. म्हणून कर्जाच्या अर्जाआधी घरातल्या सगळ्यांचं आयुष्मान कार्ड काढा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्या रुग्णालयातच. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा निघतो. मोटरसायकलवर माल घेऊन घाट चढणाऱ्याने हे २० रुपये वाचवू नयेत.

उद्यम नोंदणी सरकारी साईटवर फुकट आहे, पैसे मागणारी साईट नकली समजा. खाद्यपदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची छोट्या उत्पादकाची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. पाकिटावर हा नंबर असला की शहरातला दुकानदार माल ठेवायला तयार होतो.

नर्मदेकाठच्या पाड्यांसाठी

मणिबेली, चिमलखेडी, धनखेडी, बामणी, डनेल, मुखडी या बाजूच्या मंडळींचं गणित आणखी वेगळं. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली बंद झाले, २०१९ साली जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला, आणि पाण्याकाठचे पाडे बेटासारखे झाले. बोटीशिवाय जाणं-येणं नाही. दवाखानासुद्धा पाण्यावर तरंगत येतो. हा तरंगता दवाखाना तुमचा निरोप्याही आहे. तो येतो त्या दिवशी लोक एकत्र येतात आणि आरोग्य कर्मचारी तालुक्याहून बातमी आणतात. आयुष्मान कार्ड, शिबिराची तारीख, सगळं तिथे विचारा.

तुमच्याकडे आमचूरपेक्षा मासळी मोठी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुसूचित जमातीला आणि महिलांना ६० टक्के अनुदान आहे, बाकीच्यांना ४०. लोक बोट आणि जाळं मागतात. मी म्हणेन, बर्फाची पेटी आधी मागा. मासळी सकाळी निघते आणि बर्फ नसला की दुपारपर्यंत पडेल भावाने द्यावी लागते. भाव जाळ्यात नाही, बर्फात आहे. अर्ज मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत गेला तर सोपं पडतं.

पावती आणि तारीख

कुठलाही अर्ज दिला की पावती घ्या. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यात दाखल्यांसारख्या सेवांना दिवस ठरवून दिलेले आहेत. मुदतीत काम झालं नाही तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंडाची भाषा मात्र तोंडात आणायची गरज नसते. पावती दाखवून "मुदत कधी संपते साहेब?" एवढं विचारलं तरी फाईल हलते.

आणि अर्ज कधी करायचा? आपली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला, कामाला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. काठीच्या राजवाडी होळीला सगळं गाव घरी असतं, पण नेमकं तेव्हाच सरकारचं आणि बँकेचं वर्ष संपत आलेलं असतं. ३१ मार्चच्या तोंडावर गेलात तर "टार्गेट संपलं" हेच ऐकाल. होळीचे दिवस अर्जाला नव्हे, कागदांना वापरा. सगळ्यांच्या सह्या, अंगठे, नावांची जुळवणी, गटाची बैठक, कोटेशन. एप्रिलमध्ये नवं वर्ष लागलं की "या वर्षीचं टार्गेट आलं का, योजना चालू आहे का?" एवढं फोनवर विचारून फाईल घेऊन खाली उतरा. जूनमध्ये पाऊस लागून घाटात दरड यायच्या आत ती अक्कलकुव्याच्या टेबलावर पोचलेली असली पाहिजे.